टाक गिअर, पण मोजून!

वीकएण्डला माळशेज गाठणाऱ्या प्रत्येकाला वाटतं, आपल्यात एक शूमाकर दडलाय. पण ट्रॅकवर वेगात गाडी चालवणं म्हणजे सटासट गिअर टाकणं नव्हे. तिथे बाजी मारतो तो दर फेरीला तेच काम, त्याच जागी, त्याच पद्धतीने करणारा.

शनिवारची पहाट. आठवडाभर क्यूबिकलमध्ये कोंडलेला जीव आणि पार्किंगमध्ये धूळ खात पडलेली गाडी, दोघंही मोकळे होतात. कल्याण सुटतं, शहाडचा पूल ओलांडला जातो, म्हारळ, वरप, कांबा, गोवेली असं एकेक गाव मागे पडतं. रस्ता जरा मोकळा दिसला की हात आपोआप गिअरवर जातो. थर्ड, फोर्थ, परत थर्ड. इंजिन ओरडतं, मागच्या सीटवरचे मित्र ओरडतात. आपण रेसर झाल्याचं फीलिंग येतं.

फीलिंगच ते! कारण या सगळ्या खटाटोपात गाडी खरंच वेगात गेली की नुसता आवाज वाढला, हे कुणी मोजलेलं नसतं.

मुरबाडला पोचलात की रस्त्याला फाटे फुटतात. सरळ गेलात तर सरळगाव, टोकावडे करत माळशेज. उजवीकडे वळलात तर म्हसा आणि पुढे कर्जत. म्हसा म्हटलं की ठाणे जिल्ह्यातल्या कुणालाही आठवते ती पौष पौर्णिमेची म्हसोबाची यात्रा आणि तिथला गुरांचा बाजार. बैलजोडी घ्यायला आलेला शेतकरी काय करतो? दात बघतो, खूर बघतो आणि मग जोडी चालवून बघतो. एक बैल दांडगा नि दुसरा सुस्त, किंवा एकच बैल कधी जोरात तर कधी रेंगाळत चालणारा, असा माल त्याला नको असतो. त्याला हवी असते एका चालीची जोडी. दिवसभर, तासामागून तास, त्याच चालीने काम ओढणारी.

मोटर रेसिंगचे कोच ट्रॅकवर पहिल्यांदा आलेल्या पोरांना नेमकं हेच शिकवतात. फक्त त्यांच्या भाषेत त्याला ‘कन्सिस्टन्सी’ म्हणतात.

गिअर बदलायचा तरी कशाला?

आधी थोडं बेसिक. इंजिनाला एका ठरावीक पट्ट्यातच चांगली ताकद असते. आरपीएम फार खाली गेले की ते दम तोडतं, फार वर गेले की नुसतंच किंचाळतं. गिअर बदलायचा तो इंजिनाला या पट्ट्यात ठेवायला. बस्स, एवढंच त्याचं काम.

आता एक हिशेब करू. समजा तुमच्या गाडीत सेकंडचं गुणोत्तर १.९० आहे, थर्डचं १.२८ आणि फोर्थचं ०.९५. सेकंडमध्ये ६५०० आरपीएमपर्यंत खेचून थर्ड टाकला, तर काटा साधारण ४४०० वर येतो. थर्डमध्ये तेवढंच खेचून फोर्थ टाकला, तर ४८०० वर. म्हणजे प्रत्येक गिअरला काटा वेगळ्या ठिकाणी येऊन पडतो. तिथे इंजिनात दम असेल तर गाडी लगेच उचलते, नसेल तर मरगळते. म्हणूनच ‘प्रत्येक गिअर लाल रेषेपर्यंत खेचायचा’ हा कॉलेजच्या कट्ट्यावरचा नियम सगळ्या गाड्यांना लागू पडत नाही. टर्बो पेट्रोल किंवा डिझेल गाडीत ताकद आधीच येऊन गेलेली असते. तिथे शेवटचे हजार आरपीएम खेचत बसण्यापेक्षा थोडा लवकर गिअर टाकणं फायद्याचं ठरतं. कोणत्या आरपीएमला गिअर बदलायचा, हे गाडीच्या स्वभावावरून एकदा ठरवायचं आणि मग पाळायचं.

सगळी कामं वळणाआधी

वर जाताना गिअर टाकणं सोपं. खरी परीक्षा खाली येताना असते.

सरळ रस्त्यावर तुम्ही सुसाट आलात, समोर वळण आहे. अशा वेळी नवखा ड्रायव्हर एकाच क्षणी ब्रेक दाबतो, क्लच दाबतो, गिअर शोधतो आणि स्टिअरिंगही वळवतो. टायरची पकड मात्र मर्यादित असते. ती ब्रेकला खर्च करा नाहीतर वळायला. दोन्हीकडे पूर्ण मागितली की गाडी सरकते. म्हणून ट्रॅकवरचा क्रम ठरलेला असतो. आधी सरळ रेषेत जोरदार ब्रेक, वेग पुरेसा उतरला की गिअर खाली आणि मगच वळण. तरबेज ड्रायव्हर ब्रेक हळूहळू सोडत वळणात शिरतो, पण गिअरचं काम त्यानेही तोवर उरकलेलं असतं. स्टिअरिंग वळायला लागलं की गिअरवर हात नको.

यातला सर्वात नाजूक भाग म्हणजे क्लच सोडण्याचा क्षण. फोर्थमध्ये इंजिन ४००० वर आहे आणि तुम्ही त्याच वेगाला थर्ड टाकताय. आपल्या वरच्या हिशेबाने थर्डमध्ये इंजिन ५४०० च्या आसपास फिरायला हवं. ते फिरत नसेल आणि तुम्ही क्लच धाडकन सोडलात, तर ती जादा फिरकी चाकांकडून ओढून घेतली जाते. चाकांना अचानक झटका बसतो, गाडी डुलते, ओल्या रस्त्यावर तर चाक सरळ घसरतं. यावरचा इलाज म्हणजे क्लच सोडण्याआधी ॲक्सिलरेटरला एक छोटी थाप देऊन आरपीएम वर आणायचे. पण उजवा पाय तर ब्रेकवर असतो! म्हणून पायाचा पुढचा भाग ब्रेकवर ठेवून त्याच पायाच्या कडेने ॲक्सिलरेटरला टिचकी मारायची. रेसिंगवाले याला ‘हील अँड टो’ म्हणतात. पहिल्या दिवशी पाय गोंधळतो, गाडी उड्या मारते. महिनाभर घासल्यावर जमायला लागतं.

आणि घाईत गिअर चुकला तर? पाचव्यातून चौथा टाकायचा होता आणि दुसरा पडला, असं ट्रॅकवर होतं. वर जाताना इंजिन लाल रेषेपलीकडे जाऊ नये म्हणून गाडीत रेव्ह लिमिटर असतो. तो इंधन तोडतो, पण इथे त्याचा उपयोग शून्य. कारण इंजिनाला आता इंधन फिरवत नसतं, चाकं फिरवत असतात. व्हॉल्व्ह वाकणं, इंजिन कायमचं बसणं, सगळं एका सेकंदात होतं. बिल मात्र पुढचे सहा ईएमआय खातं.

कमी गिअर, जास्त वेग

आता येतो तो मुद्दा, जो ऐकून बहुतेकांचा चेहरा पडतो. ट्रॅकवर चांगला ड्रायव्हर शक्यतो कमी वेळा गिअर बदलतो.

साध्या मॅन्युअल गाडीत एक गिअर बदलायला जवळपास अर्धा सेकंद जातो. ताशी १०० किलोमीटरला अर्ध्या सेकंदात गाडी सुमारे १४ मीटर पुढे जाते आणि तेवढे १४ मीटर इंजिन तिला ढकलत नसतं. दोन वळणांमध्ये छोटासा सरळ तुकडा आहे, तिथे थर्डमधून फोर्थ टाकायचा आणि लगेच पुन्हा थर्ड, म्हणजे हे नुकसान दोनदा. त्यापेक्षा थर्डच धरून ठेवला, इंजिन थोडं जास्त ओरडलं, तरी वेळ वाचतो. वर दोन्ही हात स्टिअरिंगवर राहतात.

वळणातही तसंच. सेकंड घ्यावा की थर्ड, असा प्रश्न पडतो तेव्हा सेकंड जास्त फास्ट ‘वाटतो’. आवाज मोठा, धक्का जोराचा. पण बाहेर पडल्यावर सरळ रस्ता सुरू होताच सेकंड संपतो आणि नेमक्या जोर द्यायच्या जागी गिअर बदलावा लागतो. थर्डमध्ये सुरुवात मवाळ होते, गाडी शांत राहते आणि जोर अखंड मिळतो. पुढचा रस्ता जितका लांब, तितकं वळणातून बाहेर पडतानाच्या वेगाला महत्त्व. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर तिसऱ्या वळणानंतर एक किलोमीटरहून लांब सरळ रस्ता आहे. तिथे तिसऱ्या वळणातून बाहेर पडताना झालेली कुचराई तो अख्खा किलोमीटरभर भोवते. २०११ ते २०१३ अशी तीन वर्षं फॉर्म्युला वन या ट्रॅकवर आली आणि तिन्ही वेळा जिंकला तो सेबास्टियन व्हेटेल.

अडकलेला गिअर, न अडकलेला माणूस

गिअरवरच सगळं अवलंबून असतं, तर पुढच्या दोन गोष्टी घडल्याच नसत्या.

२४ मार्च १९९१, ब्राझीलचा इंटरलागोस ट्रॅक. आयर्टन सेना घरच्या प्रेक्षकांसमोर पहिल्या नंबरवर होता. मॅक्लारेनचा गिअरबॉक्स एकेक गिअर गमवायला लागला. आधी चौथा गेला, मग बाकीचे. शेवटच्या फेऱ्या त्याने सहाव्या गिअरमध्ये काढल्या, संथ वळणंसुद्धा! मागून रिकार्डो पात्रेसे जवळ येत होता, पण सेनाने सुमारे तीन सेकंदांनी शर्यत जिंकली. मायदेशातला त्याचा हा पहिला विजय. तो इतका थकला होता, की त्याला गाडीतून बाहेर यायला मदत घ्यावी लागली.

तीन वर्षांनी, मे १९९४ मध्ये बार्सिलोनाला मायकल शूमाकरची बेनेटन पाचव्या गिअरमध्ये अडकली. शर्यतीचा बराच मोठा भाग त्याने त्या एकाच गिअरमध्ये काढला, पिट स्टॉपही केला आणि डेमन हिलच्या मागे दुसरा आला.

दोघांनी काय केलं? गाडी थांबून उचलणार नाही हे ओळखून वळणात वेग कमीत कमी पडू द्यायचा, अशी नवी रेघ शोधली. आणि एकदा सापडलेली रेघ दर फेरीला तशीच गिरवली. गिअर गेले, पण लय गेली नाही.

आजच्या फॉर्म्युला वन ड्रायव्हरला गिअरसाठी स्टिअरिंगवरून हात काढावा लागत नाही. स्टिअरिंगमागच्या पट्ट्या ओढून गिअर बदलायची पद्धत फेरारीने १९८९ मध्ये आणली आणि नायजेल मॅन्सेलने ब्राझीलमध्ये पहिल्याच शर्यतीत ती जिंकून दाखवली. आता तुमच्या-आमच्या ऑटोमॅटिक गाड्यांतही अशा पॅडल दिसतात. हाताचं काम सोपं झालं. डोक्याचं काम मात्र तसंच राहिलंय.

दहा फेऱ्यांचा हिशेब

दोन मित्र ट्रॅकवर गेले असं समजा. पहिल्याची बेस्ट फेरी १ मिनिट ३० सेकंदांची. तो दिवसभर तेच सांगत फिरतो. पण त्याची दुसरी फेरी १:३४, तिसरी १:३१, चौथी १:३६ अशी. दहा फेऱ्यांची सरासरी निघते १:३३. दुसऱ्या मित्राची एकही फेरी १:३१ च्या खाली नाही, पण प्रत्येक फेरी १:३१.५ च्या आसपास. दहा फेऱ्यांच्या शर्यतीत दुसरा मित्र १५ सेकंदांनी पुढे असेल. शिवाय त्याचे टायर, ब्रेक आणि शेजारी बसलेल्या माणसाचं पोट, सगळं धडधाकट.

पण सातत्याचा खरा फायदा याच्याही पुढचा आहे. सातत्य ही तुमची मोजपट्टी असते. त्या वळणाला सेकंड बरा की थर्ड, हे कळणार कसं? पाच फेऱ्या थर्डमध्ये मारा, पाच सेकंडमध्ये आणि वेळा ताडून पाहा. मात्र त्या दहाही फेऱ्यांत ब्रेकची जागा, वळायची जागा, ॲक्सिलरेटर दाबायची जागा तीच हवी. ताशी १२० ला ब्रेक ०.२ सेकंद उशिरा दाबलात तरी जागा साडेसहा मीटरने सरकते. दर फेरीला सगळंच बदलत असेल, तर वेळ कशामुळे सुधारली आणि कशामुळे बिघडली याचा पत्ताच लागत नाही. मग माणूस वर्षभर ट्रॅकवर जातो आणि पहिल्या दिवशी होता तिथेच राहतो.

ऑफिसातलं उदाहरण घ्या. एक्सेल शीटमध्ये एकाच वेळी चार आकडे बदलले, तर टोटल का हलली हे सांगता येईल? एक आकडा बदला, टोटल बघा, मग दुसरा बदला. ट्रॅकवरही तसंच.

शिकायचं कुठे?

ट्रॅक रेसिंग म्हटलं की आजही आधी दक्षिणेकडे बघावं लागतं. चेन्नईजवळ इरुंगाट्टुकोट्टईला सुमारे ३.७ किलोमीटरचा ट्रॅक आहे. कोइम्बतूरजवळचा कारी मोटर स्पीडवे २ किलोमीटरहून थोडा मोठा. मारुती ८०० च्या इंजिनावर फॉर्म्युला मारुती ही स्वस्तातली रेसिंग गाडी उभी करणाऱ्या एस. करिवर्धन यांचं नाव या ट्रॅकला दिलंय. त्यांचं १९९५ मध्ये विमान अपघातात निधन झालं.

पण मराठी मुलखात हे वेड नाही असं समजू नका. कोल्हापूर फक्त कुस्ती आणि तांबड्या-पांढऱ्या रश्श्याचं शहर नाही. कार्टिंगच्या ट्रॅकवरून तिथली पोरं थेट राष्ट्रीय शर्यतींत पोचली. फोक्सवॅगनच्या शर्यतींत धावलेला ध्रुव मोहिते कोल्हापूरचा, ब्रिटनच्या फॉर्म्युला थ्री मालिकेत उतरलेला कृष्णराज महाडिकही तिथलाच. आणि ‘नोकरी सांभाळून कसं जमणार?’ असं म्हणणाऱ्यांसाठी मुंबईच्या स्नेहा शर्माचं नाव पुरेसं आहे. ती प्रवासी विमानाची पायलट आणि फॉर्म्युला फोर गटाची रेसरही!

तुमची सुरुवात मात्र जवळच्या कार्टिंग ट्रॅकवर होऊ शकते. भाड्याच्या कार्टला गिअरच नसतो आणि हीच त्याची गंमत. गिअर नाही म्हणजे सबबही नाही. उरतं फक्त ब्रेक कुठे, वळायचं कुठे, ॲक्सिलरेटर कुठे. बहुतेक ठिकाणी शेवटी प्रत्येक फेरीची वेळ छापलेला कागद हातात देतात. त्यावरची बेस्ट वेळ बघून फोटो टाकू नका. सर्वात चांगली आणि सर्वात वाईट फेरी यातला फरक बघा. तो एका सेकंदाच्या आत आला, की गिअरवाल्या गाडीचा विचार करा.

आणि घाटात?

ट्रॅकवर समोरून वाहन येत नाही. वळण चुकलं तर बाहेर मोकळी जागा असते, झेंडे दाखवणारी माणसं असतात, ॲम्ब्युलन्स उभी असते. म्हशाच्या रस्त्यावर यातलं काहीच नसतं. पौषात तर त्याच रस्त्याने गुरं घेऊन बाजाराला निघालेली माणसं चालतात, यात्रेला आलेली लेकुरवाळी कुटुंबं चालतात. त्यांच्यापैकी कुणीही तुमच्या ‘रेसिंग लाइन’साठी फॉर्म भरलेला नाही. त्यामुळे वेगाची हौस ट्रॅकवरच. यात निगोशिएशन नाही.

पण ट्रॅकवरची शिस्त घाटात जरूर आणा. जुने ट्रक ड्रायव्हर सांगतात, ज्या गिअरमध्ये घाट चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. त्यामागे पक्कं शास्त्र आहे. खालच्या गिअरमध्ये इंजिनच गाडीला रोखून धरतं, ब्रेकला विसावा मिळतो. पेट्रोल वाचवायला न्यूट्रल करून उतरलात, तर सगळा भार ब्रेकवर. ते तापतात, पकड सोडतात आणि पेडल दाबूनही गाडी थांबत नाही. शिवाय आजच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाड्या गिअरमध्ये उतारावर ॲक्सिलरेटर सोडला की इंधन आपोआप तोडतात. म्हणजे न्यूट्रलने पेट्रोलही वाचत नाही. गिअर वळणाआधी, ब्रेक सरळ रेषेत, वळणात हात स्टिअरिंगवर. माळशेजच्या पावसात आणि धुक्यात या तीन सवयी तुम्हाला घरी आणतात.

पहिल्या ट्रॅक डेला जाताय?

• ब्रेक ऑइल नवं घाला, पॅड तपासा. ट्रॅकवर सगळ्यात आधी दमतात ते ब्रेक.
• हेल्मेट, पूर्ण बाह्यांचा शर्ट, पातळ तळव्याचे बूट. चपला घरी.
• गाडीतल्या बाटल्या, गणपतीची मूर्ती, मॅट, सगळं काढून ठेवा. सुटी बाटली ब्रेकखाली गेली की खेळ खलास.
• पहिल्या फेऱ्या एकाच गिअरमध्ये मारा. थर्ड चालतो. आधी रस्ता पाठ करा.
• ब्रेकसाठी एक खूण ठरवा, बोर्ड किंवा रंगाचा पट्टा. सावलीची खूण नको, ती दुपारी सरकते!
• एका वेळी एकच गोष्ट बदला आणि वेळ लिहून ठेवा.
• शेवटची फेरी सावकाश मारा, ब्रेक गार होऊ द्या. थांबल्यावर हँडब्रेक ओढू नका, गाडी गिअरमध्ये ठेवा.
• गाडीचा विमा ट्रॅकवर लागू होतो का, हे आधी विचारा. बहुतेक पॉलिसीत शर्यतींना वगळलेलं असतं.

पुढच्या शनिवारी निघालात, तर टीम लीडरसारखा एक टार्गेट सेट करा. मुरबाडपर्यंत किती कमी मिनिटांत पोचलो याचा नव्हे. एकदाही दचकून ब्रेक मारावा लागला नाही, वळणात एकदाही गिअर शोधावा लागला नाही आणि शेजारी बसलेल्याचा चहा सांडला नाही, याचा. जाता-येता दोन्ही वेळा हे जमलं, तर ट्रॅकची फी भरायला तुम्ही तयार आहात.